अँबॅसॅडरचं बॉनेट आणि इंजिन: काम काढण्याआधीची तयारी

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. इंजिन किंवा त्यावरचा भाग बदलल्यावर तो बॉनेटला लागणार नाही ना हे बघायचं असेल, तर इंजिनचे नवे फाउंडेशन रबर (इंजिन ज्यांवर टेकतं त्या रबरी गाद्या) आधी बसवा आणि मगच बॉनेटखालची जागा मोजा. फाउंडेशन आधी, माप नंतर. दबलेल्या जुन्या रबरावर घेतलेलं माप नव्या रबरावर खोटं ठरतं, आणि ते कळतं तेव्हा बॉनेटच्या पत्र्याला आतून पोचा पडलेला असतो. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच राहिलं. म्हणून या यादीत ते वारंवार येईल, आणि दर वेळी ते मनापासूनच लिहिलेलं असेल.

साताऱ्यात आणि आसपास अँबॅसॅडर सांभाळणारे बरेच जण आहेत. कोणी कार्बोरेटर बदलतो, कोणी एअर क्लीनर, तर कोणी मूळ १४८९ सीसीचं इंजिन उतरवून १८०० सीसीचं इसुझू बसवतो. ही यादी त्यांच्यासाठी आहे. पद्मिनी किंवा जुनी जीप असेल तर मापं वेगळी निघतील, कामाचा क्रम हाच राहील.

फाउंडेशन एवढं का महत्त्वाचं, ते एकदा समजून घ्या. इंजिनचं सगळं वजन, वरून उष्णता आणि गळणारं ऑइल हे वर्षानुवर्षं सोसून रबर दबतं आणि मऊ पडतं. एक सूत खाली बसलेलं रबर अगदी नेहमीचं आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. इंजिन त्या दबलेल्या जागेवर बसलेलं असतं आणि वर मोकळी जागा दिसते. आपण खूश होऊन उंच एअर क्लीनर आणतो, बसवतो, बॉनेट छान बंद होतं. मग शेवटी आठवतं की इंजिन थरथरतंय, फाउंडेशनही बदलून टाकू. नवं रबर येतं, इंजिन वर उचललं जातं आणि आधीचा सगळा हिशेब मोडतो. त्यात पुढचे दोन नवे घातले आणि गिअरबॉक्सखालचा जुनाच ठेवला, तर इंजिन पुढून वर आणि मागून खाली असं तिरकं बसतं, म्हणजे एअर क्लीनरची पुढची कड आणखी वर येते. म्हणून पुढचे आणि मागचा, सगळे एकाच वेळी बदला. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

रबर आणताना दोन्ही पुढचे शेजारी शेजारी सपाट काचेवर ठेवा आणि व्हर्नियरने उंची बघा. बाजारात एकाच पाकिटातून निघालेल्या जोडीतही फरक असतो. उंची वेगळी निघाली तर परत करा, दुकानदार काहीही म्हणो. जुने काढले की तेही तसेच मोजून ठेवा. किती दबले होते ते कळतं, आणि आधी कोणी घाईत माप घेतलं असेल तर ते किती चुकलं असेल याचाही अंदाज येतो.

पाने, पक्कड, चेन ब्लॉक, हातमोजे, चिंध्या ही नेहमीची हत्यारं सांगत बसत नाही. बॅटरीची तार आधी सोडा. बॉनेटची टेकणी ढिली असेल तर सोबत एक लाकडी दांडका ठेवा, अँबॅसॅडरचं बॉनेट मानेवर पडलं तर गंमत नाही.

काहीही उघडण्याआधी मूळ मापं कागदावर घ्या. ही फक्त तुलनेसाठी, जागेचा निर्णय नव्या रबरावरच. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी हवी. साताऱ्यात सपाट जागा शोधावी लागते हे मान्य, पण शोधा. जॅकवर किंवा स्टँडवर चढवलेल्या गाडीत माप घेऊ नका. अँबॅसॅडरला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे, त्यामुळे तिला भलतीकडून उचललं की बॉनेटच्या फटी बदललेल्या दिसतात. दोन्ही मडगार्डांच्या वरच्या कडांवर ॲल्युमिनियमची एक सरळ पट्टी आडवी ठेवा, खाली पातळ कापड घाला म्हणजे रंग खरवडणार नाही. त्या पट्टीपासून खाली टॅपेट कव्हर (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) किती, एअर क्लीनरचं झाकण किती, ऑइल टाकायची टोपी किती, रेडिएटरचं झाकण किती, हे लिहा. पट्टी नेमकी कुठे ठेवली तिथे मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करा आणि फोटो काढा. इंजिन उतरलं की या आकड्यांशिवाय तुमच्याकडे दुसरा काहीच पुरावा उरत नाही.

आता बॉनेटच आतून नीट बघा. वरून तो गुळगुळीत पत्रा दिसतो, पण आतून त्याला जाड पट्ट्या जोडलेल्या असतात आणि इंजिनला आधी त्याच लागतात. माप बॉनेटच्या या आतल्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतचं घ्यायचं, पत्र्यापर्यंतचं नाही. कोणी आवाज कमी व्हावा म्हणून आतून नमदा चिकटवला असेल तर तोही धरा. तो सुटून लोंबत असेल तर आधी काढून टाका, गरम कार्बोरेटरवर लोंबणारा, ऑइल प्यालेला नमदा म्हणजे आगीला आमंत्रण. अँबॅसॅडरच्या बॉनेटची बिजागरी मागे, काचेच्या बाजूला आहे. त्यामुळे बॉनेट सरळ खाली येत नाही, कमानीत येतं. बंद होताना त्याच्या आतल्या पट्ट्या मागून पुढे सरकत खाली येतात. पूर्ण बंद झाल्यावर जिथे भरपूर जागा दिसते तिथेही अर्ध्या वाटेत पट्टी घासून गेलेली असू शकते, विशेषतः इंजिनच्या मागच्या भागात. म्हणून अर्ध्यावर थांबवून बाजूने टॉर्चने बघा. जुन्या गाडीचं बॉनेट कधी ना कधी ठोकून सरळ केलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मित्राच्या गाडीत बसलं ते तुमच्यात बसेलच असं धरू नका.

यानंतर मातीचा गोळा. हे काम बहुतेक जण उरकून टाकतात, आणि नेमकं ते सावकाश करायचं आहे. लहान मुलांची रंगीत खेळायची माती घ्या, ती सुकत नाही आणि दाबली की दबलेलीच राहते. कणीक नको. ती बॉनेट उघडेपर्यंत पुन्हा थोडी फुगते आणि माप जास्त दाखवते. गणपतीची शाडू घरात पडलेली असते, पण तिचे कण सुटून कार्बोरेटरच्या तोंडात गेले तर इंजिनचं नुकसान होतं, म्हणून तीही नको. एअर क्लीनर, त्याचं पॅकिंग, विंग नट (झाकण आवळायचा पंखांचा नट), ब्रीदरची नळी, सगळं जसं शेवटी असणार तसं घट्ट बसवा. नुसतं झाकण वर ठेवून माप घेणं म्हणजे काहीच न घेणं. विंग नट हीच बहुतेक गाड्यांत सगळ्यात उंच जागा असते आणि तोच बॉनेटला भोसकतो.

झाकणावर पातळ प्लॅस्टिक अंथरा, त्यावर अपेक्षित जागेपेक्षा उंच असे गोळे ठेवा: एक विंग नटवर, एक झाकणाच्या पुढच्या कडेवर, एक मागच्या कडेवर, एक टॅपेट कव्हरच्या मागच्या टोकावर आणि एक ऑइलच्या टोपीवर. एसयू जातीचा कार्बोरेटर असेल तर त्याच्या डॅम्परच्या टोपीवरही एक. ती टोपी वर ओढून ऑइल घालावं लागतं, त्यामुळे तिथे बॉनेट उघडं असताना हात जाईल इतकी जागाही बघून घ्या. बॉनेटच्या आतल्या बाजूला हलकं तेल लावा, नाहीतर गोळा वरच चिकटून येतो. मग बॉनेट हळू खाली आणा आणि कुलूप लागेपर्यंत दोन्ही हातांनी दाबा. कुलूप लागताना बॉनेट त्याच्या विश्रांतीच्या जागेपेक्षाही थोडं खाली जातं आणि मग रबरी गुट्ट्यांवर परत येतं. मातीत तो सगळ्यात खालचा क्षण उमटतो आणि आपल्याला तोच हवा आहे.

उघडा आणि गोळे बघा. आतल्या पट्टीची कड मातीत स्पष्ट उमटलेली दिसेल, कधी पत्र्याच्या जोडाची रेघसुद्धा. सगळ्यात पातळ जागी ब्लेडने उभा छेद द्या आणि कापलेल्या बाजूची जाडी व्हर्नियरने मोजा. बोटाने अंदाज नको. माझा हिशेब असा: आठ सूत, म्हणजे पूर्ण इंच मिळाला तर निश्चिंत. सहा सूत चालवून घ्या, पण पुढची चाचणी टाळू नका. चार सुतांच्या खाली काम थांबवा आणि भाग बदला.

आणि हे सगळं नव्या फाउंडेशनवर चाललंय ना? जुन्यावर असेल तर गोळे काढा, डब्यात भरा आणि आधी रबर बदला. फाउंडेशन आधी, माप नंतर. ‘नवं रबर थोडं बसेलच, मग होईल जागा’ असं म्हणणारे भेटतील. नवं रबर चालवल्यावर थोडं बसतं हे खरं. पण ते बसायच्या आधीच विंग नटने पत्रा फोडलेला असतो. त्या भरवशावर बॉनेट बंद करू नका.

उभ्या इंजिनाचं माप झालं. पण इंजिन उभं राहत नाही, ते हलतं. ॲक्सिलरेटर दाबून क्लच सोडला की चाकांवर जाणाऱ्या जोराची उलटी प्रतिक्रिया इंजिनावर येते आणि ते फाउंडेशनवर एका बाजूला कलतं. गाडीत बसून पुढे बघत असाल, तर पुढच्या गिअरमध्ये इंजिनची डावी बाजू वर उचलते आणि उजवी दबते. रिव्हर्समध्ये याच्या उलट. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स जोर कितीतरी वाढवून देतो, म्हणून झटका तिथेच सगळ्यात मोठा. आता १४८९ च्या इंजिनात कार्बोरेटर कुठे आहे? डावीकडे. म्हणजे उचलणाऱ्या बाजूलाच तुमचा एअर क्लीनर. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या चढावर वळणात गाडी थांबली आणि पुन्हा पहिल्या गिअरवर उचलली, तर गॅरेजमध्ये दिसलेल्या जागेतली कितीतरी जागा त्या क्षणी नाहीशी होते. रबर फाटलेलं असेल तर हा झोका आणखी मोठा होतो, आणि फाटलेलं रबर वरून बघून ओळखू येत नाही. पुन्हा फाउंडेशन. दर वेळी गोष्ट तिथेच येते.

हे तपासताना एक माणूस गाडीत आणि एक बाजूला हवा. समोर कोणीही उभं राहायचं नाही, मागेही नाही. गाडीसमोर मोकळी जागा ठेवा, भिंत नको. हँडब्रेक ओढा, चारही चाकांना दगड लावा, ब्रेकवर पाय ठेवा. इंजिन कोमट असावं, जास्त तापलेलं असेल तर माती वितळून पसरते. डाव्या मडगार्डवर एक जाड तार चिकटवा आणि तिचं टोक एअर क्लीनरच्या कडेसमोर आणून ठेवा. आता पहिला गिअर घालून, ॲक्सिलरेटर थोडाच दाबून, क्लच पकडेपर्यंत हळू सोडा आणि लगेच दाबा. कड तारेपासून किती वर गेली ते बाजूच्या माणसाने बघायचं. मग हेच रिव्हर्समध्ये. वर गेलेलं अंतर मातीच्या जाडीतून वजा करा, उरलेली तीच खरी जागा. हा प्रयोग क्लच जाळत बसायचा नाही, दोन्हीकडे एकेक झटका पुरे. बाजूचा माणूस जाणता हवा, हौशी पोरं लांब ठेवा.

बॅटरीचं लगेच सांगतो, कारण यात जीव जाऊ शकतो. नवी बॅटरी जुन्यापेक्षा उंच असेल तर तिचा जिवंत टर्मिनल बॉनेटला लागू शकतो. बॉनेट म्हणजे बॉडी, बॉडी म्हणजे अर्थ. लागला की ठिणगी, आणि शेजारी पेट्रोलची नळी. टर्मिनलवर रबरी टोपी घाला, बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधा आणि तिच्यावरही मातीचा गोळा ठेवून बघा. टोपी आहे म्हणून गोळा टाळू नका.

जागा कमी पडली तर काय करायचं, याचा क्रम असा. आधी विंग नट काढून बसका नट लावा. हा नट ज्यावर बसतो तो एअर क्लीनरचा मधला खिळा लांब असेल तर तो बाहेर काढून, व्हाइसमध्ये धरून कापा, कार्बोरेटरच्या तोंडावर करवत चालवायची नाही. मग बसका एअर क्लीनर शोधा, पण त्याचं झाकण कार्बोरेटरच्या तोंडावर इतकं खाली येऊ देऊ नका की हवाच कोंडेल. वरून खाली तोंड असलेला कार्बोरेटर असेल तर त्याच्याखालची बॅकेलाइटची चकती थेट उंची वाढवते, ती पातळ करता येते. पूर्ण काढू नका. ती मॅनिफोल्डची उष्णता अडवते, ती नसेल तर उन्हाळ्यात घाटात पेट्रोल उकळून गाडी बंद पडेल. बाजूने तोंड असलेल्या कार्बोरेटरला चकतीमुळे उंची वाढत नाही, तिथे तिच्या वाटेला जाऊ नका. चकती घरी कानशीने घासायची नाही, दोन्ही तोंडं समांतर राहत नाहीत आणि हवा ओढली जाते. १९२२ पासून कूपर इंजिनिअरिंग उभी असलेल्या साताऱ्यात चांगला टर्नर सापडतो, नाहीच तर कोल्हापूरचं उद्यमनगर आहे. इंजिन खाली घ्यायला फाउंडेशनचे ब्रॅकेट बदलणं हा अगदी शेवटचा उपाय. इंजिन खाली गेलं की खाली संप (ऑइलचं भांडं) क्रॉसमेंबरच्या (गाडीच्या आडव्या तुळईच्या) जवळ येतो, पंखा रेडिएटरच्या मधोमध राहत नाही, आणि मागे प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून चालताना थरथर सुरू होते. वर मिळालेलं एक सूत खाली तीन ठिकाणी फेडावं लागतं.

काही गोष्टी करूच नका. बॉनेटच्या आतली पट्टी कापू नका, पत्र्याची ताकद तिच्यात आहे. आतून हातोडीने फुगवटा काढू नका. मागच्या बिजागरीखाली वायसर घालून बॉनेट उचलायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आत येतं आणि पुढचं कुलूपही वाकडं लागायला लागतं. अँबॅसॅडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. चांगलं बॉनेट आता भंगारातच शोधावं लागतं आणि तेही ठोकलेलं निघतं. आहे ते जपा.

कुलूप. बॉनेट बंद झाल्यावर मुख्य कुलूप आणि आतला आकडा दोन्ही लागलेत का, हे वर ओढून बघा. आत काहीतरी टेकत असेल तर मुख्य कुलूप अर्धवट लागतं आणि हाताला लागल्यासारखंच वाटतं. खंबाटकी घाटाच्या उतारावर वेगात बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसणार नाही.

सगळं बसलं की चाचणी. आधी गावात, मग यवतेश्वर. एअर क्लीनरच्या झाकणावर पातळ गोळा ठेवूनच जा. परत आल्यावर तो चेपलेला असेल तर इंजिन तिथपर्यंत वर आलं होतं. चेपला नसेल तरी फाउंडेशनचे नट तपासा, नवं रबर बसलं की ते ढिले होतात. काही दिवसांनी पुन्हा आवळा.

कागदपत्रं. इंजिनच बदललं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद लागते, एमएच ११ वाल्यांनी साताऱ्यात, एमएच ५० वाल्यांनी कराडला. हे काम सुरू करण्याआधी विचारा, नंतर नाही. गाडीने पन्नाशी ओलांडली असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हीए मालिकेतला व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल, तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही, तेव्हा इसुझूचा नाद आधीच सोडा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच घ्या.